गोल चावीच्या कुलपासाठी घरी बनवलेलं टूल: सात सुयांची पकड सारखी कशी करायची?

महालवाला_मेकॅनिक
शनिवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. मी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत इन्स्पेक्शनला आहे, दिवसभर हातात व्हर्नियर नाहीतर मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापाची साधनं, आणि घरी आलो की कुलपं. साधी सपाट चावीची कुलपं दोन वर्षं करून राहिलो, आता गोल चावीवर आलो आणि चार महिने झाले तिथेच अडकलो आहे. म्हणून सविस्तर लिहितो, ज्यांनी हे टूल स्वतः बनवलं असेल त्यांनी प्लीज सांगा.

ज्यांनी हे कुलूप पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चावी म्हणजे बोटभर लांबीची एक नळी, तिच्या तोंडाच्या काठावर कमीजास्त खोलीच्या सात खाचा. कुलपात मधे एक खुंटी आणि तिच्याभोवती घड्याळाच्या आकड्यांसारख्या गोल बसलेल्या सात पिना, सगळ्यांचं तोंड आपल्याकडे. साध्या कुलपात पिना वरून खाली येतात, इथे समोरून मागे ढकलाव्या लागतात. प्रत्येक पिन बरोबर आपापल्या खोलीपर्यंत गेली की मधला भाग फिरते. हे १९३३ पासून शिकागोच्या एका कुलूप कंपनीने एस (Ace) नावाने आणलं, म्हणून जुने लोक सगळ्याच गोल चाव्यांना एस म्हणतात. आपल्याकडे लिफ्टचा की-स्विच, कॉफीचं मशीन, लॅपटॉपची केबल यांना दिसते. माझ्याकडे तीन आहेत, तिन्ही कबाड्याकडून घेतलेल्या जुन्या डेस्कटॉप कॅबिनेटची. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीला समोर असं कुलूप होतं, नंतर सगळ्यांनी ते उचललं, तुमच्यापैकी ज्यांचं पहिलं कॉम्प्युटर नव्वदच्या दशकातलं आहे त्यांना ती बारकी गोल चावी आठवत असेल. एका कुलपाची मूळ चावी पण मिळाली, ती मी मुद्दाम पाकिटात सील करून ठेवली आहे, उत्तर तपासायला.

साध्या पिकने, म्हणजे पिना ढकलायच्या बारीक आकड्याने, एकेक पिन लावून हे कुलूप उघडते, पण फार जीव खाते. कारण मधला भाग एक सप्तमांश फिरला की पहिल्या पिना शेजारच्या भोकात जाऊन बसतात आणि कुलूप पुन्हा बंद. म्हणजे पूर्ण फेरा मारायचा तर अख्खं कुलूप सात वेळा उघडायचं. आणि मधेच कुठे थांबलो तर मूळ चावी पण आत जात नाही कारण खाच जागेवर नसते. म्हणून टूल असं पाहिजे की सातही पिना एकदम धरून ठेवेल आणि त्यांच्यासोबतच फिरेल.

मी काय बनवलं ते सांगतो. पितळी नळी, बाहेरून ९.५ मिमी. आतमध्ये स्टीलचा दांडा, त्याला पुढे छोटी जीभ, ती कुलपाच्या खाचेत बसते, पीळ तिच्यातूनच द्यायचा. नळीवर लांबीने सात स्लॉट, हॅकसॉने पाडून बारीक कानशीने साफ केले. स्लॉटमधे सात सुया, गाडीच्या वायपरच्या रबरात स्टीलची पट्टी असते ना, तिच्या. वरून रबरबँडचे चार वेढे, तीच पकड.

आता अडचण. फेब्रुवारीत पहिलं कुलूप दोनदा उघडलं, मी रात्री दोन वाजता एकटाच घरात नाचलो. त्यानंतर एकदाही नाही. पाच सुया जागेवर राहतात, तीन नंबर आणि सहा नंबर मात्र हात लावला की मागे सरकून येतात. मे लागला तसं रबर पण चिकट झालं, कूलरसमोर बसून केलं तरी तेच. मित्र म्हणते प्रत्येक सुईला वेगळा ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा बारका स्क्रू, लाव. ९.५ मिमीच्या नळीवर सात ग्रब स्क्रू म्हणजे काम बम वाढते. तसं करावंच लागेल का, का माझं मुळातच काही चुकून राहिलं?


निवृत्त_टूलरूम
रविवार, सकाळी ६:५०

ग्रब स्क्रू नको लावू बेटा. सात स्क्रू सारखे आवळणं म्हणजे सात नवीन दुखणी घेणं, आज जुळवले तं उद्या एक ढिला.

तू सुया बदलायच्या मागे लागशील, रबर बदलशील, पण तुझा दोष सुईत नाही, स्लॉटमधे आहे असं मले वाटते. हॅकसॉने पाडलेला स्लॉट सगळीकडे सारखा खोल येतच नाही. मी एकोणतीस वर्षं टूलरूममधे काढली, हाताने पाडलेले सात स्लॉट दहा शतांश मिमीत बसले तर मी त्या पोराले स्वतः चहा पाजला असता. समज तीन नंबरचा स्लॉट बाकीच्यांपेक्षा ०.१ मिमी खोल आहे. मग ती सुई तेवढी खाली बसली, तुझं रबर तिच्यावरून पूल बांधल्यासारखं जाते, टेकते कशावर तं दोन्हीकडच्या भिंतीवर. सुईवर दाब नाही, म्हणून पकड नाही. शेजारची सुई ०.०५ वर असली की सगळा दाब ती खाते. तुले वाटते रबर खराब, रबर बिचारं काय करणार.

मोजायचं कसं ते पण सांगतो, तुझ्याकडे मायक्रोमीटर आहेच. एकच सुई घे आणि तीच सातही स्लॉटमधे आळीपाळीने बसवून माप, म्हणजे सुईच्या जाडीचा फरक मधे येत नाही. मायक्रोमीटरचं एक तोंड सुईवर, दुसरं बरोबर समोरच्या बाजूवर. सात हा आकडा विषम आहे म्हणून स्लॉटच्या समोर दुसरा स्लॉट येत नाही, नेहमी अख्खी भिंत येते, मोजायले एकदम सोपं. सहा किंवा आठ असते तर पंचाईत होती. सात मापं लिहून काढ, कुठे खड्डा आहे ते कागदावरच दिसेल.

दुसरं, पकडीच्या जागी नळी बारीक पाहिजे. तोंडाशी सुया नळीच्या लेव्हलले राहिल्या पाहिजे, नाही तं कुलपाच्या गोल फटीत टूल जाणारच नाही. पण मागे जिथे रबर बसते तिथे नळी लेथवर दोन अडीच दशांश मिमी उतरवून घे, म्हणजे तिथे सुया भिंतीच्या वर डोकं काढतात आणि रबर फक्त सुयांवरच टेकते. सात टेकू, मधे काहीच नाही. मग दाब आपोआप वाटून जाते. हे एक काम केलं असतं तर तुझे चार महिने वाचले असते. उतरवताना आत बरोबर मापाचा दांडा घाल, पातळ पितळ आणि वरून स्लॉट पाडलेले, लेथचं टूल आत खेचते आणि नळी चुरगळते.

आणि भाग सात कसे केले ते लिहिलं नाही तू. डिव्हायडिंग हेड, म्हणजे गोलाचे सारखे भाग पाडायचं साधन, मिळालं तर त्याच्या हँडलचे चाळीस फेरे म्हणजे नळीचा एक, म्हणून चाळीसला सात, म्हणजे पाच पूर्ण फेरे आणि एकवीस भोकांच्या वर्तुळावर पंधरा भोकं. नसेल तर कागदाची पट्टी नळीवर गुंडाळ. घेर २९.८५ मिमी येते, सातने भागला की ४.२६. पट्टीवर खुणा करून चिकटव. एवढ्या बारीक नळीवर एक अंश म्हणजे फक्त आठ शतांश मिमी, एक दोन अंश इकडेतिकडे झाले तर पिन सुईच्या तोंडाखाली राहते, त्याची फार काळजी करू नको. खोलीची कर.


कॉटन_मार्केट_११
रविवार, सकाळी ९:२५

वाचून राहिलो. मला टूलमधलं काही कळत नाही, पण मनापासून विचारतो, असं उघड लिहिणं बरोबर आहे का? आमच्या दुकानाचं गेल्या दिवाळीत शटर तोडलं, गल्ल्यातले पैसे गेले. हे वाचून कोणी उद्या शिकला तर? तुम्ही लोक चांगले असाल, वाचणारे सगळेच थोडी असतात.


सुई_आणि_सोल्डर
रविवार, दुपारी १:४०

कॉटन मार्केटवाले दादा, दुकानाचं वाचून खरंच वाईट वाटलं. शटर तोडलं असं तुम्हीच लिहिलं, त्यातच बरंचसं उत्तर आहे. चोराला वेळ नसते, तो पहारीने काम करते, चार महिने मायक्रोमीटर घेऊन बसत नाही. पण तुमची शंका टाळण्यासारखी नाही, म्हणून नीट लिहिते.

हा वाद फार जुना आहे. लंडनच्या जोसेफ ब्रामाने १७८४ मधे एक कुलूप पेटंट केलं, त्याची चावी पण नळीचीच, तोंडाला कमीजास्त खोल खाचा. आजच्या गोल चावीची आजीच म्हणा. त्याचा कारागीर हेन्री मॉडस्ले, ज्याच्या लेथने पुढे कारखानदारीच बदलली. त्यांनी अठरा पट्ट्यांचं एक कुलूप पिकॅडिलीच्या दुकानात खिडकीत ठेवलं, उघडणाऱ्याला दोनशे गिनी बक्षीस. साठ वर्षांच्या वर ते तसंच राहिलं. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी अल्फ्रेड हॉब्स नावाचा अमेरिकन आला आणि त्याने ते उघडलं, सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास लागले. हाताने नाही, स्वतः बनवलेली उपकरणं कुलपाला बसवून, एकेक पट्टी कुठे अडते ते बघत. तेव्हाही लोक म्हणाले हे चोरांना शिकवणं आहे. हॉब्सचं म्हणणं होतं की चोरांना आपल्यापेक्षा जास्तच माहीत असते, अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा. ते कुलूप आज लंडनच्या सायन्स म्युझियममधे आहे.

आपल्या काळातलं उदाहरण २००४ चं. अमेरिकेत महागड्या सायकल कुलपांना हीच गोल चावी असायची आणि साध्या प्लॅस्टिकच्या बॉलपेनच्या नळीने ती उघडतात हे एका सायकलवाल्याने सप्टेंबरमधे इंटरनेटवर दाखवलं. काही दिवसांत गवगवा झाला, क्रिप्टोनाइट कंपनीने कुलपं बदलून दिली आणि सायकल कुलपांतून ही गोल चावी हळूहळू मागे पडली. कोणी बोललंच नसतं तर लोक अजून त्याच कुलपाला हजार डॉलरची सायकल बांधत असते. तुमच्या दुकानात कुठल्या गल्ल्याला किंवा कपाटाला स्वस्तातलं गोल चावीचं कुलूप असेल तर दादा ते या महिन्यातच बदला, हे वाचल्याचा तेवढा तरी फायदा घ्या.

आणि या नादाचे दोन नियम आहेत. जर्मनीत १९९७ पासून कुलूप उघडण्याचे क्लब आहेत, नंतर जगभर झाले, सगळीकडे हेच नियम. स्वतःचं नसेल त्या कुलपाला मालकाच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही, आणि वापरातल्या कुलपावर कधीच प्रयोग करायचा नाही, स्वतःचं असलं तरी. दुसरा नियम नवीन मुलं हसण्यावारी नेतात, पण पिन वाकली आणि घराचं दार अडकलं की कळते. शिवाय महालवाले, तुमचं टूल घरात वाइसजवळच राहू द्या. आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम १२२ आहे, सूर्यास्तानंतर घरफोडीचं हत्यार जवळ सापडलं तर योग्य कारण होतं हे आपल्यालाच सिद्ध करावं लागते. बॅगेत टाकून रात्री अकराला फुटाळा तलावावर फिरायला जायचं नाही.

आता कामाचं. काकाजींनी स्लॉटचं सांगितलं ते शंभर टक्के. मी त्यात एक भर घालते, कारण पकड किती पाहिजे हे कोणी आकड्यात सांगत नाही आणि सगळे नुसते "थोडं घट्ट", "थोडं सैल" म्हणत बसतात.

या टूलचा सगळा जीव दोन मर्यादांच्या मधे आहे. पिनच्या मागे स्प्रिंग आहे, ती सुईला बाहेर ढकलते. सुईची पकड त्या स्प्रिंगपेक्षा जास्त पाहिजे, नाहीतर काही न करताच सुई मागे येणार. पण तुम्ही हलका पीळ दिला की जी पिन अडकते ती स्प्रिंगपेक्षा कितीतरी जास्त विरोध करते, तेव्हा मात्र सुईने हार मानून सरकलं पाहिजे, नाहीतर ती पिनला तिच्या जागेच्या पुढे रेटून नेईल. स्प्रिंगच्या वर, अडकलेल्या पिनच्या खाली. त्या पट्ट्यात सातही सुया असल्या की टूल स्वतःच पिनांच्या खोलीचा साचा घेते. बॉलपेनच्या नळीने तेच केलं, मऊ प्लॅस्टिक बरोबर तेवढंच दबलं.

या कुलपाला सात पिना आणि प्रत्येकीला खोलीच्या आठ पायऱ्या धरल्या तर २०,९७,१५२ चाव्या होतात, ऐकायला केवढं मोठं वाटते. पण प्रत्येक पिन आपलं उत्तर वेगळं सांगायला लागली की प्रश्न सात गुणिले आठ, छप्पनचा राहते. अख्खी सुरक्षा पिना एकत्र बंद राहण्यावर होती, आणि हे टूल त्यांना सुटं करते. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी दोन दिवस दुसरा विचार केला नाही.

मोजण्यासाठी सोनाराचा छोटा डिजिटल काटा घ्या, खिशात मावते तो. कुलूप काट्यावर ठेवा, शून्य करा, एका बारीक काडीने एक पिन हळूहळू दाबा. पिन हलायला लागते तेव्हाचा आकडा म्हणजे स्प्रिंग. मग टूल उभं धरून एक सुई काट्याच्या ताटलीवर टेकवा आणि टूल खाली ढकलत जा. सुई ज्या आकड्याला सरकली तो लिहा. सातही करा. सगळं दहा मिनिटांत होते आणि मग अंदाज लावायची गरज उरत नाही.

रबरचं एक विचारते, तुम्ही कुलपात किंवा टूलवर मशीन ऑइल घातलं का? साधं रबरबँड तेलाने फुगते आणि चिकट होते, त्यात आपला मे महिना. नायट्राइलची ओ-रिंग, म्हणजे त्या जातीच्या रबराची गोल रिंग, लावा, ती तेलाला दाद देत नाही आणि आपल्या पंचेचाळीस डिग्रीला तर अजिबातच नाही. लोहा ओळीत पंपाचं सामान विकणाऱ्याकडे दहा वीस रुपयांत मिळते. कुलपात तेलाऐवजी ग्राफाइट पावडर.


इतवारी_चावीवाला
रविवार, रात्री ९:०५

नमस्कार. मी इतवारीत चावीचं काम करतो, वडिलांपासून. हे टूल माझ्याकडे विकतचं आहे, सात मिमी, साडेसात आणि ७.८ असे तीन येतात, आतली खुंटी पाहून घ्यावं लागते. तुम्ही नळीचं बाहेरचं माप लिहिलं पण आतलं नाही लिहिलं. आतून नळी खुंटीवर डुगडुग करत असेल तर सगळी सुई एका बाजूला जास्त दबते एका बाजूला कमी. आधी ते पहा.

धंद्यात आम्ही टूल कमीच वापरतो खरं सांगायचं तर. गिऱ्हाईक मशीनची चावी हरवून येते, त्याला घाई असते. गोल कटर येते, ड्रिलला लावायचं, पिना कापून टाकायच्या, नवीन कुलूप बसवून द्यायचं. टूलने उघडलं तर मात्र फायदा हा की सुया तशाच आवळून ठेवल्या तर त्यावरून खोली मोजून नवीन चावी कापता येते, कुलूप वाचते. ज्याचं कुलूप जुनं आहे आणि बाजारात मिळत नाही त्याच्यासाठी मी टूल काढतो. पण बिल किंवा दुकानाचा कागद पाहिल्याशिवाय करत नाही, कितीही ओळखीचा असो. वडिलांनी ती सवय लावली.

कॉटन मार्केटवाले भाऊ, तुमच्यासारखी माणसं माझ्याकडे चोरी झाल्यावर येतात, आधी येत नाहीत. चांगल्या गोल चावीच्या कुलपात आता पिनांच्या स्प्रिंगा मुद्दाम कमीजास्त ताकदीच्या घालतात, एक कडक एक नरम. त्यावर असं टूल फसते, कारण सगळ्या सुयांची पकड एकच. ताईंनी जो पट्टा सांगितला तो मग सातही पिनांसाठी एक राहत नाही. माझ्याच टूलने मला अशा कुलपावर दीड तास बसवून ठेवलं आणि शेवटी मी कटर काढलं. घेताना हे विचारून घ्या.

आणखी एक, सुईचं तोंड. महालवाले, तुम्ही सुईचं तोंड चौकोनी ठेवलं का गोल केलं? वायपरची पट्टी कापली की कडेला बारीक धार उभी राहते, बोटाला पण कळत नाही. ती भोकाच्या काठाला घासते. मग तुम्हाला वाटते पिन अडकली, अन् अडकलेली असते सुई. पॉलिश पेपरवर चारी कडा मारा, नखावरून फिरवून पहा, नखावर ओरखडा आला तर अजून मारा.


महालवाला_मेकॅनिक
बुधवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे फार फार आभार. तीन दिवस ड्युटी करून रात्री हेच केलं. आकडे देतो.

काकाजींनी सांगितलं तसं एकच सुई फिरवून मोजली. पाच स्लॉट तीन शतांशाच्या आत आले. तीन नंबर ०.११ ने खोल आणि सहा नंबर ०.०८ ने. म्हणजे रोज लोकांचे पार्ट मी दोन शतांशासाठी रिजेक्ट करतो आणि स्वतःच्या नळीला मायक्रोमीटर लावायचं मला चार महिन्यांत सुचलं नाही.

ताई, शेजारच्या सराफाच्या मुलाकडून काटा आणला. माझ्या कुलपाची पिन साधारण ७० ग्रॅमला हलते. पाच सुया ११० ते १३० च्या मधे सरकतात. तीन नंबर ४० ला, सहा नंबर ५५ ला! दोन्ही स्प्रिंगच्या खाली. पीळ द्यायच्या आधीच त्या हरलेल्या होत्या, मी कितीही नाजूक हात ठेवला असता तरी काही होणार नव्हतं. हा कागद मी भिंतीवर लावला आहे. आणि हो, तेल घातलं होतं, सिलाई मशीनचं.

नळी नवीन केली नाही. स्लॉट दोनच खोल होते म्हणून आमच्याकडे सेटिंगला येते त्या पितळी शिमच्या, म्हणजे फट भरायच्या पातळ पत्र्याच्या, पट्ट्या, ०.०५ ची जाडी, तीन नंबरखाली दोन आणि सहा नंबरखाली एक, सोल्डरच्या एका थेंबाने बसवल्या. पकडीच्या जागी नळी ०.२५ उतरवून घेतली, दांडा आत घालून, तरी पहिल्या कटला लेथच्या टूलने नळी थोडी खेचलीच, पण वाचली. दोन नायट्राइल ओ-रिंग लावल्या. आता तीन नंबर ११५, सहा नंबर १०५, बाकी १२० च्या आसपास.

चावीवाले दादा, सुईच्या कडांचं तुमचं बरोबर निघालं, सातपैकी चार सुया नखावर ओरखडा पाडत होत्या. आणि आतलं माप खुंटीपेक्षा मोठं आहे, थोडं डुगडुगते. ते अजून तसंच आहे, त्याला काय करू?


निवृत्त_टूलरूम
गुरुवार, सकाळी ६:३५

आतून पितळेची बुश, म्हणजे आतलं माप कमी करणारी बारकी नळी, बसव, नाही जमलं तर खुंटीच्या बाजूने पातळ शिम गुंडाळून सोल्डर कर. पण जीभ आणि दांडा एकाच तुकड्यातला ठेव, जोड देऊ नको. पीळ देताना जोडात जराशी ढिलाई असली की पिन बसल्याची टिचकी बोटापर्यंत पोचत नाही, मधेच मरते. ते टूल मग आंधळं.

शिम बरोबर लावली. मी असतो तर नवीन नळी केली असती, पण तुझं काम भागलं ते महत्त्वाचं.


कॉटन_मार्केट_११
गुरुवार, दुपारी ३:१५

ताई आणि चावीवाले भाऊ, तुमचं वाचून आज गल्ल्याचं कुलूप पाहिलं. गोल चावीचंच निघालं, सहा वर्षं जुनं. उद्या इतवारीत येतो, स्प्रिंगचं विचारूनच घेतो. आधी बोललो त्याचा राग नसावा.


सुई_आणि_सोल्डर
गुरुवार, संध्याकाळी ७:५०

राग कसला दादा, तुम्ही विचारलं म्हणून तर हे सगळं लिहिलं गेलं.

महालवाले, आता पुढचा प्रयत्न करताना एकच करा, पीळ अर्धा करा. तुम्ही सपाट चावीच्या कुलपावरून आलात, तिथला हात इथे जड पडते. मी अंगठा आणि एका बोटाने धरते, मूठ वापरत नाही. जास्त पीळ दिला की एका पिनऐवजी चार एकदम अडकतात, आणि चारही सुया एकाच खोलीवर खोटं उत्तर देऊन थांबतात.


महालवाला_मेकॅनिक
शनिवार, रात्री १२:२०

झालं!! लाइट गेली होती, कूलर बंद, घामाने बोटं घसरून राहिली होती, म्हणून टूलला कापडाची चिंधी गुंडाळली. ताईंनी सांगितलं तसं दोन बोटांनी, अगदी दाराची कडी बाळाची झोप न मोडता सरकवतो तेवढाच पीळ, आणि डावीउजवीकडे बारीक झुलवत राहिलो. पहिल्या मिनिटाला काहीच नाही. मग एक एक सुई मागे येताना बोटाला जाणवली, आवाज नाही, नुसता एक हलका दाणा फुटल्यासारखा. सहा मोजले. सातवा कळलाच नाही, टूल एकदम फिरलं आणि एक्कावन्न अंशाच्या जागी कुलूप अडकलं नाही, सरळ पुढे गेलं, पिना सगळ्या सुयांनी धरून ठेवल्या होत्या. पूर्ण फेरा मारून परत जागेवर आणलं. पुन्हा केलं, पुन्हा उघडलं. चार वेळा झालं, शेवटच्या वेळी साधारण तीन मिनिटं.

मग रिंगांवरून तांब्याची तार पिळून सुया घट्ट केल्या, टूल बाहेर काढलं आणि सातही सुयांची खोली मोजून लिहिली. या कुलपात एका पायरीचा फरक साधारण ०.४ मिमी असते, त्यामुळे कुठली पायरी ते सहज कळायला पाहिजे. नंतर सील केलेलं पाकीट फोडलं आणि मूळ चावी बाजूला ठेवली. सहा खाचा तंतोतंत जुळल्या. पाच नंबर मात्र मधेच आली आहे, चावीवर तीन नंबरची पायरी आणि माझी सुई दाखवते साडेतीन. तरी कुलूप उघडते. पिन झिजली आहे का सुईचं तोंड तिरकं घासलं गेलं ते कळत नाही. उद्या सुट्टी आहे, पाच नंबरची सुई दोन नंबरच्या जागी टाकून परत मोजतो, चूक सुईसोबत गेली तर सुई, तिथेच राहिली तर कुलूप. मोजलं की आकडे इथेच टाकतो.